मोबिलिटी स्कूटर गाडीतून नेण्यासाठी कोणती गाडी आणि कोणते होइस्ट घ्यावे?

घाटंजीकर (धागाकर्ता)

सर्व सभासदांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात राहणारा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. माझ्या पत्नीला लहानपणी पोलिओ झाला होता. चाळीस वर्षे काठीच्या आधाराने तिने घर, शेत आणि मुले सांभाळली, परंतु गेल्या चार वर्षांत दोन्ही पायांतील शक्ती झपाट्याने कमी झाली आहे. आज ती आधार धरून उभी राहते आणि आठ-दहा पावले चालते, त्यापुढे मात्र चालता येत नाही.

दिवाळीनंतर आम्ही तिच्यासाठी बॅटरीवर चालणारी चारचाकी मोबिलिटी स्कूटर घेतली. गावात तिचा फार उपयोग होतो. ग्रामपंचायतीपासून देवळापर्यंतचा सिमेंट रस्ता ती एकटी पार करते आणि मैत्रिणींकडे स्वतःहून जाऊ लागली आहे. हा बदल पाहिल्यापासून माझ्या मनात एकच विचार आहे, की तिचे हे स्वातंत्र्य गावाच्या वेशीवर संपू नये. दर दोन महिन्यांनी सेवाग्रामला तपासणी असते, मुलगी अमरावतीला राहते, आणि वर्षातून एकदा शेगावला जाण्याची तिची इच्छा असते. प्रत्येक ठिकाणी स्कूटर सोबत हवी.

स्कूटरचे एकूण वजन ५२ किलो आहे. आसन आणि बॅटरीचा डबा काढल्यावर उरणारा भाग ३५ किलोचा आहे. माझे वय ६६ असून मणक्याच्या त्रासामुळे डॉक्टरांनी दहा किलोपेक्षा अधिक वजन उचलण्यास मनाई केली आहे. सध्याची गाडी जुनी वॅगनआर आहे व डिकीत सीएनजीची टाकी असल्यामुळे तिथे स्कूटर ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. गाडी बदलण्याची तयारी आहे, आणि नव्या किंवा वापरलेल्या गाडीसाठी आठ लाखांपर्यंत खर्च करता येईल. स्कूटर उचलून डिकीत ठेवणाऱ्या होइस्ट या यंत्राची मी केवळ छायाचित्रे पाहिली आहेत. कोणती गाडी पाहावी आणि सुरुवात कोठून करावी, हे कृपया सांगावे.

वरूडची संत्री

गुरुजी, माझ्या वडिलांसाठी आम्ही हाच प्रवास तीन वर्षांपूर्वी केला आणि आमची चूक ही झाली, की आम्ही आधी गाडी घेतली. गाडी घरी आल्यावर कळले की डिकी भरपूर मोठी असली तरी तिचे तोंड लहान आहे. जाहिरातीत डिकीची क्षमता लिटरमध्ये दिलेली असते, पण स्कूटर काही पाण्यासारखी ओतता येत नाही. आपल्याला हवी असते ती दाराच्या चौकटीची उंची, चौकटीची रुंदी, चाकांच्या दोन्ही कमानींमधील अंतर आणि जमिनीपासून डिकीच्या उंबरठ्यापर्यंतची उंची.

म्हणून मी तुम्हाला क्रम उलटा करण्यास सुचवीन. सर्वप्रथम स्कूटर मोजा: आसन काढून, हँडल पूर्ण दुमडून, लांबी, रुंदी आणि सर्वांत उंच भागाची उंची. त्या मापांवरून होइस्ट निवडा आणि मग ते होइस्ट ज्या गाडीत बसेल ती गाडी शोधा.

हिंगणघाट वर्कशॉप

वरील सल्ला अत्यंत योग्य आहे. मी सव्वीस वर्षे गाड्यांच्या बॉडीचे आणि फॅब्रिकेशनचे काम करतो, त्यामुळे होइस्टविषयी थोडे सविस्तर लिहितो.

डिकीतील होइस्ट म्हणजे एका बाजूला पायाशी घट्ट बसवलेला खांब, त्यावर फिरणारा आडवा आर्म आणि आर्मच्या टोकाला मोटरने वर-खाली होणारा पट्टा. साध्या प्रकारात मोटर फक्त वर-खाली करते आणि आर्म हाताने आत-बाहेर फिरवावा लागतो. महाग प्रकारात फिरवण्याचे कामही मोटर करते. सपाट जागी ३५-५० किलो वजन लोंबकळत असताना आर्म हाताने फिरवणे फार अवघड नाही, परंतु गाडी उतारावर उभी असेल तर वजन आपोआप खालच्या दिशेने झोकांडते आणि ते रोखण्यासाठी कमरेला जोर द्यावा लागतो. तुमच्या मणक्याचा विचार करता, परवडत असेल तर दोन्ही कामे मोटरने करणारे होइस्ट घ्या. क्षमता निवडताना ३५ किलो हा आकडा डोळ्यांपुढे ठेवू नका. एखाद्या दिवशी घाईत बॅटरी न काढता तुम्ही पूर्ण स्कूटर उचलणारच, म्हणून ५२ किलो धरा आणि त्याहून बराच वाव असलेले, म्हणजे ८० किलोच्या वर्गातील होइस्ट पाहा.

आता ज्याकडे जवळजवळ सर्वांचे दुर्लक्ष होते ती गोष्ट सांगतो. स्कूटर दुमडून ५५ सेंटीमीटर उंच असेल, तर डिकीच्या दाराची उंची ६० सेंटीमीटर असून चालत नाही. स्कूटरच्या वर उचलण्याची दांडी येते, दांडीच्या वर पट्ट्याची कडी येते आणि तिच्यावर आर्म येतो. शिवाय स्कूटरचा तळ उंबरठ्याला न घासता वरून जायला हवा. हे सारे मिळून २५ ते ३० सेंटीमीटर सहज लागतात. म्हणजे चौकट किमान ८० ते ८५ सेंटीमीटर उंच हवी. सेडान गाड्या येथेच बाद होतात आणि अनेक हॅचबॅकही.

दुसरी गोष्ट पायाची. ५० किलोचे वजन ८० सेंटीमीटर लांबीच्या आर्मच्या टोकाशी लटकते तेव्हा खांबाच्या मुळाशी सुमारे ३९० न्यूटन-मीटर इतका पिळा पडतो. आपण गाडीच्या चाकाचे नट साधारण १०० न्यूटन-मीटरला आवळतो, त्यावरून कल्पना करावी. डिकीच्या तळाचा पत्रा एवढा भार एकटा झेलू शकत नाही. बोल्ट पत्र्याच्या खालून जाड पोलादी पट्टीतून गेले पाहिजेत आणि ती पट्टी शक्यतो चेसिसच्या आडव्या तुळईपर्यंत किंवा सीटबेल्टच्या मूळ बिंदूंपर्यंत पोहोचली पाहिजे. छिद्र पाडण्यापूर्वी खाली पेट्रोलची टाकी आणि नळ्या कोठे आहेत हे गाडी वर घेऊन पाहावेच लागते.

विजेची जोडणी गाडीच्या मुख्य बॅटरीपासून जाड वायरने, बॅटरीलगत फ्यूज लावून करावी. समोरच्या सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून कधीही करू नये. ते सॉकेट साधारण १२० वॅटचे असते.

दर्यापूरकर

सर्वांच्या मताचा आदर राखून विचारतो, की एवढा खर्च आवश्यक आहे काय? आमच्या भागात वेल्डिंगचे दुकान चालवणारे कारागीर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला काय काय बसवून देतात. बारा व्होल्टचा विंच (दोर गुंडाळून ओढणारे यंत्र) आणि चौकोनी पाइप यांतून हेच काम पाव खर्चात होईल. किंवा ईको व्हॅन घेऊन मागे अ‍ॅल्युमिनियमचा दुमडता रॅम्प ठेवावा आणि स्कूटर सरळ चढवावी.

वरूडची संत्री

दर्यापूरकर भाऊ, आम्ही नेमके हेच केले होते, म्हणून पोटतिडकीने लिहिते. आम्ही एका ओळखीच्या कारागिराकडून विंच आणि पाइपचा आर्म तयार करून घेतला. तो कारागीर प्रामाणिक होता, परंतु खांबाचा पाया त्याने केवळ डिकीच्या पत्र्याला चार बोल्टने बसवला. दोन-तीन महिन्यांत बोल्टची छिद्रे मोठी होऊन खांब डुलू लागला. विंचला योग्य ठिकाणी थांबवणारा स्विच नव्हता, त्यामुळे एके दिवशी बटण क्षणभर जास्त दाबले गेले, दोर गुंडाळीच्या टोकाशी ताणून तुटला आणि स्कूटर गुडघ्याएवढ्या उंचीवरून खाली पडली. बॅटरीचा डबा फुटला. त्या क्षणी वडील स्कूटरपासून दोन हातांवर उभे होते. ते दृश्य आठवले की आजही मला झोप लागत नाही. त्यानंतर आम्ही तयार होइस्ट घेतले आणि फक्त बसवण्याचे काम स्थानिक पातळीवर, पाया नीट मजबूत करून, करून घेतले.

हिंगणघाट वर्कशॉप

ताईंच्या अनुभवाला तांत्रिक कारणही जोडतो. ट्रॅक्टर किंवा जीप ओढण्यासाठी मिळणारे विंच हे आडवे ओढण्यासाठी असते. उभे उचलण्यासाठीच्या यंत्रात वीज गेली किंवा बटण सोडले तरी वजन जागच्या जागी धरून ठेवणारा ब्रेक आणि दोन्ही टोकांना मर्यादा-स्विच असावे लागतात.

रॅम्पविषयी गणित मांडतो. व्हॅनचा मागचा उंबरठा ६५ सेंटीमीटर उंच आहे असे धरू. २ मीटरचा रॅम्प लावल्यास चढ जवळजवळ १९ अंशांचा होतो. लहान स्कूटरच्या पुस्तिकेत बहुधा ६ ते १० अंशांपर्यंतच्याच चढाची मर्यादा असते, म्हणून कोणालाही बसवून तेथे चढवणे धोक्याचे आहे. रिकामी स्कूटर बाजूला चालत, हँडलवरचा लिव्हर हलका दाबून चढवणारे लोक आहेत. परंतु १९ अंशांवर मोटर थांबली तर ती मागे घसरते आणि ती धरण्यासाठी पुन्हा माणसाचीच ताकद लागते. सार्वजनिक इमारतींसाठी १:१२ चा उतार सांगितला जातो. त्या हिशेबाने ६५ सेंटीमीटरसाठी रॅम्प जवळजवळ आठ मीटर लांब लागेल.

दर्यापूरकर

हे गणित मी केले नव्हते. माझी सूचना मागे घेतो आणि ताईंनी अनुभव मोकळेपणाने सांगितल्याबद्दल आभार मानतो.

फिजिओ, चंद्रपूर

घाटंजीकर सर, मी फिजिओथेरपिस्ट आहे. एका वेगळ्या बाजूकडे लक्ष वेधते. होइस्ट स्कूटर उचलते, माणसाला उचलत नाही. काकू आज आठ-दहा पावले चालतात, म्हणून ही योजना शक्य आहे: तुम्ही स्कूटर मागे उतरवाल, चालवत पुढच्या दारापाशी आणाल आणि काकू दोन पावलांत तिच्यावर बसतील. ज्यांना पोलिओ होऊन गेला आहे त्यांच्यापैकी काहींमध्ये अनेक दशकांनंतर स्नायू पुन्हा क्षीण होत जातात आणि अशा स्थितीत अतिश्रम टाळावे लागतात. म्हणून पुढील पाच-सहा वर्षांचा विचार करून गाडी निवडावी. आसनाची उंची अशी हवी की काकू गाडीकडे पाठ करून प्रथम बसतील आणि नंतर पाय आत फिरवतील. फार खाली बसावे लागले तर उठताना गुडघ्यांवर ताण येतो, आणि फार उंच असेल तर चढावे लागते.

ईकोच्या पुढच्या आसनांखाली इंजिन असल्यामुळे पुढे बसायला चढावे लागते. बोलेरोचीही उंची अशा रुग्णांना जड जाते. वॅगनआरची बसण्याची उंची अनेक ज्येष्ठांना सोयीची वाटते, हे तुम्ही अनुभवाने जाणताच. कोणतीही गाडी ठरवण्यापूर्वी काकूंना तिच्यात किमान पाच वेळा बसवून-उठवून पाहा, आणि तेही दिवसाच्या शेवटी, त्या थकलेल्या असताना.

एक प्रश्न तुम्हाला विचारायचा राहिला: तुम्ही आजारी पडलात तर होइस्ट कोण चालवणार? काकूंना खुर्चीवर बसून रिमोट चालवता येईल, आणि शेजारचा एखादा मुलगा पट्टा अडकवू शकेल, अशी मांडणी असावी.

अकोटचे वकील

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा नियम ठामपणे अधोरेखित केला. मात्र त्याच कलमात अपंग व्यक्तीसाठी वाहन अनुकूलित करून घेण्याची वाट आहे. त्यासाठी नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. कायद्यात ही मान्यता बदल केल्यानंतर घेण्याची सोय आहे. तरीही छिद्रे पाडण्यापूर्वीच विचारून घेणे अधिक सुरक्षित. होइस्टचे माहितीपत्रक, बसवण्याचा आराखडा आणि काकूंचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तीचे राष्ट्रीय ओळखपत्र) घेऊन प्रथम यवतमाळच्या आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. आसनांची रांग काढून टाकणार असाल तर आसनसंख्येचा मुद्दा येतो, तोही त्याच अर्जात स्पष्ट मांडावा.

विमा कंपनीलाही बसवण्यापूर्वी लेखी कळवावे. अपंग व्यक्तीसाठी अनुकूलित केलेल्या आणि तशी नोंद झालेल्या वाहनांना स्वतःच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात सवलतीची तरतूद आहे, ती मागून घ्यावी.

कराविषयी: २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. ईको, वॅगनआर, ट्रायबर आणि बोलेरो या मर्यादेत बसतात. अर्टिगा सुमारे ४.४ मीटर लांब आणि जवळजवळ १५०० सीसीची पेट्रोल गाडी असल्यामुळे बसत नाही.

घाटंजीकर (धागाकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, की मी आणि पत्नीने प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. गेल्या दहा दिवसांत काय केले ते क्रमाने सांगतो.

प्रथम स्कूटर मोजली. आसन काढून आणि हँडल दुमडून ती १०८ सेंटीमीटर लांब, ५४ रुंद आणि ५६ उंच आहे. नंतर किराणा दुकानातून मोठे पुठ्ठे आणून त्याच मापाचे खोके तयार केले आणि त्याच्या वर ३० सेंटीमीटरचा पुठ्ठ्याचा खांब चिकटवला, म्हणजे दांडी व आर्म यांची जागा लक्षात येईल. ते खोके टपावर बांधून आम्ही यवतमाळला गेलो आणि तीन ठिकाणी गाड्या पाहिल्या. विक्रेत्यांनी सुरुवातीला आश्चर्य व्यक्त केले, परंतु कारण कळल्यावर सर्वांनी मनापासून मदत केली.

ईकोत खोके अगदी सहज मावले, उंचीही पुरली, पण पत्नीला पुढे चढताना दोन्ही वेळा मला आधार द्यावा लागला. तिनेच ती गाडी नाकारली. बोलेरोचे मागचे दार आडवे उघडते आणि त्यावर स्टेपनी असते. अरुंद गल्लीत ते दार पूर्ण उघडून आर्म फिरवायला जागा राहणार नाही असे मला वाटले. ट्रायबरमध्ये तिसरी रांग उत्पादकानेच काढता येण्याजोगी केली आहे. ती काढल्यावर डिकी ६२५ लिटरची होते, परंतु आमचे खोके आडवे मावले नाही. मात्र दुसऱ्या रांगेचा एक भाग दुमडल्यावर ते उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसले आणि उरलेल्या भागात एक माणूस बसण्याची जागा राहिली. चौकटीची उंची काठावर आहे. पुठ्ठ्याचा खांब एका बाजूने जरासा वाकला. पत्नी मात्र त्या गाडीत पाचही वेळा स्वतःहून बसली आणि स्वतःहून उठली.

वापरलेली अर्टिगाही पाहिली. तिसरी रांग दुमडल्यावर जागा चांगली होते, परंतु ती सीएनजीवरची असल्यामुळे टाकी मागेच होती आणि होइस्टचा पाया बसवायला ठिकाण नव्हते.

आता प्रश्न असा, की ट्रायबरची काठावरची उंची होइस्टने निभावेल काय?

हिंगणघाट वर्कशॉप

गुरुजी, खोके करण्याची पद्धत मी आजपासून माझ्या ग्राहकांनाही सांगणार आहे.

काठावरच्या उंचीवर दोन उपाय आहेत. पहिला, दांडीऐवजी स्कूटरच्या चौकटीला थेट जोडणारा कमी उंचीचा ब्रॅकेट वापरणे. त्यामुळे आठ-दहा सेंटीमीटर वाचू शकतात. ब्रॅकेट स्कूटरच्या गुरुत्वमध्यावर बसला पाहिजे, अन्यथा मोटरकडील जड बाजू खाली झुकते आणि तीच उंबरठ्याला लागते. दुसरा, ज्याच्या आर्मची उंची कमी-जास्त करता येते असे होइस्ट निवडणे. मात्र हे कागदावर ठरवू नये. खरी स्कूटर, खरी गाडी आणि होइस्ट एका ठिकाणी आणून, एकही छिद्र न पाडता, आर्म नुसता धरून पाहावा लागेल.

प्रवासात स्कूटर चार बाजूंनी रॅचेट पट्ट्यांनी बांधा. ती केवळ होइस्टला लटकवून किंवा आसनाला टेकवून नेऊ नका. ५० किलोची सैल वस्तू अचानक ब्रेक लागल्यावर पुढे बसलेल्यांसाठी घातक ठरते. उचलताना किल्ली काढलेली आणि ड्राइव्ह जोडलेली असू द्या. ढकलताना न्यूट्रलचा लिव्हर वापरला असेल तर तो परत फिरवण्याची सवय लावा. गाडीचे इंजिन चालू ठेवूनच होइस्ट चालवा, म्हणजे गाडीची बॅटरी बसणार नाही.

वरूडची संत्री

आपल्या भागासाठी दोन गोष्टी जोडते. मे महिन्यात बंद गाडीत स्कूटरची बॅटरी तासन्‌तास ठेवू नका. सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य उष्णतेने फार कमी होते: २५ अंशांच्या वर तापमानात दर दहा अंशांनी ते साधारण निम्म्यावर येते असे मानतात. दवाखान्यात पोहोचल्यावर बॅटरीचा डबा सावलीत घ्या आणि घरी आल्यावर तो थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

पावसाळ्यात काळ्या मातीत स्कूटर उतरवूच नका. लहान चाकांना चिकटलेला गाळ मोटरच्या आसापर्यंत जातो, आणि रुतलेली स्कूटर होइस्टने ओढून काढण्याचा मोह झाला तर आर्म तिरका ओढला जाऊन वाकतो. आम्ही गाडीत दोन फूट रुंद प्लायवूडची फळी ठेवतो आणि स्कूटर नेहमी तिच्यावर उतरवतो.

घाटंजीकर (धागाकर्ता)

फळीची सूचना पत्नीला विशेष आवडली. आरटीओ कार्यालयासाठी अर्जाचा मसुदा तयार केला आहे. वकील साहेबांनी सांगितल्याप्रमाणे आसनांची रांग आणि होइस्ट हे दोन्ही मुद्दे त्यात स्वतंत्र परिच्छेदांत लिहिले आहेत. परवानगी मिळेपर्यंत गाडीचे पैसे भरणार नाही. विक्रेत्याने एक दिवसासाठी चाचणीची गाडी हिंगणघाटपर्यंत नेऊ देण्याचे मान्य केले आहे आणि माझा पुतण्या स्कूटर त्याच्या मालवाहू रिक्षातून आणेल. वर्कशॉपच्या सभासदांना येत्या गुरुवारी सवड असेल काय?

हिंगणघाट वर्कशॉप

गुरुवारी सकाळी दहापूर्वी या, नंतर पत्रा तापतो आणि काम नीट होत नाही. ८० किलोचे एक होइस्ट दुसऱ्या ग्राहकासाठी आलेले आहे. ते त्यांच्या संमतीने केवळ मापासाठी लावून पाहू. स्कूटरची पुस्तिका आणि उचलण्याची दांडी सोबत आणा. काकूंनाही आणा, कारण रिमोटचा हुक कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर लावायचा हे त्यांचा हात पाहूनच ठरवायचे आहे.